मासे दिसायला पाणी लागतं

तिकीटखिडकीवरचा पोरगा म्हणाला, पाचला फाटक बंद.
साडेतीन झाले होते.
ट्युनिसहून आलेली बस मला उतरवून
धूळ उडवत पुढे गेली होती
आणि टेकडीभर ऑलिव्हच्या पानांची
उलटी, रुपेरी बाजू.

रस्ता अजून रस्ताच आहे.
दगडात गाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या.
एकीत पाऊल टाकून चालले
तर वळणावर तिनं मला
न विचारता वळवून नेलं.

बेलगासेम मागून येत होता.
डोक्यावर खात्याची टोपी, गालात सूर्यफुलाच्या बिया,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
दार एकच उरलंय, किल्ल्या अकरा.

"ही बाजारपेठ. हे देऊळ. हे न्हाणीघर.
पाटीवर आहे सगळं."
मग जिथे पाटी नव्हती तिथे थांबून:
"हा आमचा गोठा."

खांबांच्या मध्ये घरं होती, म्हणाला.
त्यांच्याच दगडांची. कोंबड्या, चुली, एक न्हावी.
मग खात्याचे लोक आले, दोरी घेऊन.
जुनी घरं नीट दिसावीत म्हणून आमची पाडली
आणि खाली मैदानात नवं गाव दिलं,
गल्ल्या सरळ, काटकोनात छेदणाऱ्या,
दारोदार नळ.
नळाला पाणी नंतर आलं. बरंच नंतर.

ही शिळा पाहा, सम्राटाचं नाव.
आई यावर कपडे आपटायची.
तिसरं अक्षर पुसट झालंय ते तिच्या हाताचं काम.
अहवालात लिहिलंय: वाऱ्यानं झीज.

नाट्यगृहाच्या वरच्या पायरीवर
एक जोडपं संत्रं सोलत बसलं होतं.
त्यानं शिट्टी मारली, लांबलचक.
ते उठले. सालं तिथंच.
"याच पायऱ्यांवर मी चालायला शिकलो," तो म्हणाला,
"आता इथे कुणाला बसू द्यायचं नाही,
त्याचा पगार मिळतो."
आणि सालं वेचून खिशात घातली.

एका पायरीवर कुणीतरी पट कोरलाय.
रांगेनं उथळ खळगे, घासून गुळगुळीत.
खेळ सुरू व्हायची वाट बघून कंटाळलेल्या कुणाचा
की बेलगासेमच्या चुलत्यांचा,
ते पटालाही ठाऊक नसावं.
आम्ही खर्बगा खेळलो.
त्याच्याकडे खजुराच्या बिया, माझ्याकडे खडे.
मी हरले, नियम कळायच्या आधीच.

साडेचार.
"एक राहिलं," म्हणाला,
आणि छप्पर नसलेल्या एका खोलीत गुडघ्यांवर बसला.
हातानं वाळू सारली. खाली फरशी,
राखेच्या रंगाची, बारीक खड्यांची, मुकी.
त्यानं बाटली उघडली आणि ओतली.

मासे आले.
लाल, मिश्यांचे. एक निळसर. एक आठ हातांचा.
पाणी जाईल तिकडे ते जात होते.
"आई यावर गहू वाळत घालायची," तो म्हणाला.
"गहू ओला असला की खाली हे.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी जमिनीत मासे असतात.
शाळेत सांगितलं तर मास्तर हसले."

ऊन अजून तापलेलं होतं.
आधी कडेचा मासा गेला, मग मधले,
शेवटी एक डोळा राहिला, तोही.
त्यानं बाटली उपडी करून झटकली.
माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या बाटलीत तीन घोट होते
आणि बसथांब्यापर्यंतचा उतार लांब.
एक मी प्यायले.
दोन कोपऱ्यात ओतले, जिथे त्यानं ओतलं नव्हतं,
उगाच, काही असेल म्हणून.

वाम निघाली. सापासारखी लांब,
शेपटी तुटलेली, तोंड उघडं.

बेलगासेम वाकला. टोपी मागे सारली.
खाली फाटकाशी पोरगा हाका मारत होता.
"ही मी कधी पाहिली नाही," तो म्हणाला.
थोड्या वेळानं:
"इथे आईची पेटी असायची."